जुन्या मोटारीतील उत्प्रेरक परिवर्तक : मुंबई ते नाटे या प्रवासाचा इतिहास (१९९५ ते २०२५)

बीजसंज्ञा : उत्प्रेरक परिवर्तक, शिसेविरहित पेट्रोल, भारत स्टेज मानके, पीयूसी, जुनी वाहने, दक्षिण रत्नागिरी.

प्रस्तावना

महाराष्ट्रातील मोटारउद्योगाचा इतिहास सांगताना अभ्यासक सामान्यतः वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सपासून आरंभ करतात, कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या फियाट व पद्मिनी या गाड्यांपर्यंत येतात आणि डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० पाशी थांबतात. हा सारा इतिहास नव्या गाडीचा आहे. तीच गाडी पंधरा-वीस वर्षांची झाली, दोन-तीन मालकांच्या हातून गेली आणि शहरातून गावात आली, म्हणजे तिचे काय होते, याचा विचार फारसा झालेला नाही. प्रस्तुत लेखात तो विचार गाडीच्या एका सुट्या भागाच्या आधारे करावयाचा आहे. हा भाग म्हणजे इंजिन व सायलेन्सर यांच्या दरम्यान बसविलेला उत्प्रेरक परिवर्तक, अर्थात व्यवहारातील ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर’ होय.

अभ्यासासाठी राजापूर तालुक्यातील नाटे हे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. जैतापूर खाडीच्या उत्तरेस वसलेले, यशवंतगडाच्या तटाशी टेकलेले आणि साखरी नाटे या मच्छीमार वस्तीला लागून असलेले हे गाव अलीकडे वृत्तपत्रांत आले ते पलीकडच्या माडबन येथील अणुऊर्जा प्रकल्पाच्या वादामुळे. येथे मात्र त्याचे महत्त्व वेगळे आहे. मुंबईशी रक्ताचे नाते असलेले आणि मुंबईच्या नियमांपासून साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेले असे हे गाव आहे. चाकरमान्याची गाडी गणपतीला व शिमग्याला येथे येते आणि तिचे आयुष्य उतरणीला लागले की पुष्कळदा येथेच राहते.

परिवर्तकाची पूर्वपीठिका

लॉस एंजेलिस शहरावरील धुरक्याचे मूळ मोटारींच्या धुरात आहे, हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले. त्याच सुमारास यूजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याने धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरक उपकरणावर काम सुरू केले व त्याचे पेटंट मिळविले. परंतु पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले असेपर्यंत हे उपकरण मोटारीत टिकणे शक्य नव्हते. इंजिनाची ‘खडखड’ थांबविण्यासाठी टेट्राएथिल शिसे वापरण्याचा शोध थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये लावला होता आणि अर्धशतकभर जगातील बहुतेक पेट्रोल या शिशासह विकले जात होते. अमेरिकेत १९७० चा स्वच्छ हवा कायदा झाला, शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करण्यात आले आणि १९७५ च्या गाड्यांपासून परिवर्तक सर्रास बसू लागला. इंधन आधी बदलावे लागते आणि मग यंत्र, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढे कोकणात घडलेल्या घोळाचे मूळ या क्रमातच आहे.

परिवर्तकाची रचना वरकरणी साधी आहे. पोलादी डब्यात भाजलेल्या मातीसारख्या सिरॅमिकचा ठोकळा असतो. मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे त्यात हजारो बारीक नळ्या असतात, दर चौरस इंचास साधारणतः ४००. या नळ्यांच्या आतून ॲल्युमिनाचा खरखरीत थर आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांचे अतिसूक्ष्म कण असतात. या धातूंच्या सान्निध्यात विषारी कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइड होते, न जळलेल्या पेट्रोलच्या वाफा जळून जातात आणि नायट्रोजनची ऑक्साइडे मोडून पुन्हा नायट्रोजन होतो. धातू स्वतः खर्ची पडत नाहीत. मात्र यासाठी दोन अटी आहेत. ठोकळा सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला हवा आणि हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी जवळ हवे. दुसरी अट सतत पाळण्यासाठी ऑक्सिजन सेन्सर व इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठा लागतो. साध्या कार्ब्युरेटरला हे जमत नाही.

महानगरापुरता नियम

भारतात या विषयाला न्यायालयाने गती दिली. एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेच्या ओघात १९९१ मध्ये न्या. के. एन. सैकिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि अखेरीस १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक बंधनकारक झाला. याच दिवसापासून या शहरांत शिसेविरहित पेट्रोलची विक्री सुरू झाली. संपूर्ण देशात केवळ असेच पेट्रोल विकले जाऊ लागले ते १ फेब्रुवारी २००० पासून.

या दोन तारखांमध्ये पाच वर्षांना दोन महिने कमी एवढे अंतर आहे आणि नाटे येथील प्रश्नाचा पहिला धागा या अंतरातच सापडतो. गाडीची नोंदणी मुंबईत झाली म्हणून तिला परिवर्तक लागला. पण गाडी मुंबईतच राहील असे नोंदणी-पुस्तकात कोठेही लिहिलेले नव्हते. त्या काळच्या मारुती ८०० ची टाकी तीस लिटरांच्या आतबाहेरची होती. मुंबईत टाकी पूर्ण भरून निघालेली गाडी राजापूरमार्गे नाटे येथे कशीबशी पोहोचू शकत होती. परतीसाठी मात्र वाटेवरच्या किंवा राजापूर-रत्नागिरीकडच्या पंपाचा आधार घेणे भाग होते आणि महानगराबाहेरच्या पंपावर शिसेविरहित पेट्रोल मिळेलच याची खात्री नव्हती. शिशाची पूड परिवर्तकातील धातूंच्या कणांवर बसते व त्यांना कायमची झाकते. एखाद्या टाकीने परिवर्तक तत्काळ मरतो असे नाही. परंतु प्रत्येक भरण्यासरशी त्याची क्षमता घटते आणि ती पुरतेपणी परत मिळत नाही. गणपतीच्या एका फेरीने गाडीत दिसण्यासारखा कोणताही दोष उत्पन्न होत नसे. गाडी तशीच चालत असे, किंबहुना मालकाच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसे.

दुसरी अडचण यंत्राची. १९९५ नंतरच्या अनेक महानगरी गाड्या कार्ब्युरेटरवरच चालत होत्या. मारुती ८०० ला इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठा २००० च्या सुमारास मिळाला. म्हणजे पहिल्या पाच वर्षांतील परिवर्तक शिशाच्या भीतीखाली आणि प्रमाण न राखू शकणाऱ्या इंजिनाच्या मागे, असा दुहेरी अडचणीत काम करीत होता. डिझेलवर चालणारी एस.टी. आणि वडापच्या जीपगाड्या या नियमाच्या कक्षेत नव्हत्याच. कोकणातील रस्त्यावर धूर दिसत होता तो त्यांचा आणि परिवर्तक बसला होता तो छोट्या पेट्रोल गाडीला. हा विरोधाभास तत्कालीन प्रवाशाच्या नजरेतून सुटला असेल असे वाटत नाही.

गंधकाचा दुसरा टप्पा

शिसे गेल्यावरही शहर व गाव यांच्या इंधनातील भेद संपला नाही. तो गंधकाच्या रूपाने राहिला. भारत स्टेज मानके टप्प्याटप्प्याने आणि आधी मोठ्या शहरांत लागू करण्यात आली. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ मध्ये वाहन-इंधन धोरणाचा अहवाल दिला व त्यातील वेळापत्रकाने हा क्रम निश्चित केला. १ एप्रिल २००५ रोजी मुंबई व पुणे यांसह ११ शहरांत बीएस-३ आले, उर्वरित देशात बीएस-२. २०१० मध्ये १३ शहरांना बीएस-४ मिळाले. महाराष्ट्रातून मुंबई व पुण्याच्या जोडीला त्यात सोलापूर होते, रत्नागिरी नव्हते. संपूर्ण देश बीएस-४ वर आला तो १ एप्रिल २०१७ रोजी आणि बीएस-६ वर १ एप्रिल २०२० रोजी.

पेट्रोलमधील गंधकाची कमाल मर्यादा बीएस-२ मध्ये दशलक्ष भागांत ५००, बीएस-३ मध्ये १५०, बीएस-४ मध्ये ५० आणि बीएस-६ मध्ये १० भाग अशी उतरत गेली. २००५ ते २०१० या काळात मुंबईत घेतलेली बीएस-३ गाडी राजापूर तालुक्यात आली की तिच्या टाकीत मानकाच्या तिप्पटीहून अधिक गंधक असलेले पेट्रोल जाऊ शकत होते. गंधकाचे विष शिशाइतके जहाल नसते. परिवर्तक पुरेसा तापला, उदाहरणार्थ घाटात किंवा महामार्गावर दीर्घकाळ चालला, तर ते बऱ्याच अंशी निघून जाते. परंतु गावात आल्यानंतर गाडीचा उपयोग बाजार, बंदर, देऊळ अशा दोन-चार किलोमीटरांच्या फेऱ्यांसाठीच होतो. या फेऱ्यांत परिवर्तक तापेपर्यंत इंजिन बंद झालेले असते.

किनाऱ्यावरील झीज

नाटे व आंबोळगड परिसरात गाडीला सोसावी लागणारी झीज ही केवळ इंधनाची नाही. खाऱ्या हवेने परिवर्तकाचे उष्णतारोधक पत्रे, फ्लँजचे बोल्ट आणि पुढचा पाइप गंजतो. सांधा फुटला की बाहेरची हवा आत शिरते व ऑक्सिजन सेन्सरची दिशाभूल होते. इंजिनात आवश्यकतेपेक्षा जास्त पेट्रोल जाते आणि ते परिवर्तकात जळून ठोकळा वितळवते. जांभ्या दगडाच्या कच्च्या रस्त्यावर खालून बसणारा एखादा फटकाही सिरॅमिक फोडण्यास पुरेसा असतो. पावसाळ्यात तापलेला डबा अकस्मात पाण्यात बुडाला तर आतल्या ठोकळ्याला तडे जाऊ शकतात.

येथे एका दुर्लक्षित धोक्याचाही उल्लेख आवश्यक वाटतो. दिवाळीनंतर कोकणातील सड्यावरचे गवत वाळून पिवळे पडते. बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ येथील कातळशिल्पे पाहण्यासाठी आता मोटारीने येणाऱ्यांची संख्या वाढली आहे. चालत्या गाडीचा परिवर्तक कित्येक शे अंशांपर्यंत तापलेला असतो आणि बिघडलेला, आत पेट्रोल जाळणारा परिवर्तक त्याहून अधिक. असे वाहन वाळल्या गवतावर उभे केल्यास वणव्यास कारण होऊ शकते. परिवर्तकामुळे गवत पेटण्याचा हा धोका अमेरिकेत जुन्या काळापासून परिचित आहे.

बिघाड ओळखणे

परिवर्तक दोन प्रकारांनी निकामी होतो आणि या दोहोंत गल्लत होऊ नये. पहिल्या प्रकारात तो तुंबतो. ठोकळा वितळून किंवा फुटून धुराची वाट अडते, अणुस्कुऱ्याच्या चढावर गाडी दम खाते, वेग वाढत नाही, डब्यातून खुळखुळण्याचा आवाज येतो, क्वचित तो लालही दिसतो. दुसऱ्या प्रकारात तो मोकळा असतो पण निर्जीव असतो. गाडी उत्तम चालते आणि धूर शुद्ध होत नाही. मालकाला गॅरेजपर्यंत नेतो तो पहिला प्रकार. हवेच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे तो दुसरा.

बीएस-४ गाड्यांत २०१० पासून इंजिनाच्या बिघाडांवर नजर ठेवणारी अंतर्गत प्रणाली आली व तिच्या २०१३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात परिवर्तकावरही पहारा बसला. परिवर्तकाच्या पुढे एक व मागे एक असे दोन सेन्सर तुलना करून डॅशबोर्डवरील दिवा लावतात. त्यापूर्वीच्या गाडीत असा दिवा परिवर्तकासाठी लागत नाही. म्हणून कारागिराला जुन्या उपायांवर विसंबावे लागते. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात दाबमापक बसवून इंजिन मिनिटाला सुमारे २५०० फेऱ्यांवर आणावे. दाब चौरस इंचास ३ पौंडांच्या वर गेल्यास वाट तुंबली आहे असे समजतात. तापलेल्या परिवर्तकाच्या पुढचे व मागचे तापमान मोजूनही अंदाज येतो, परंतु तो केवळ अंदाजच असतो. धुराचे पृथक्करण करणारे यंत्र हीच विश्वसनीय कसोटी होय आणि ते यंत्र पीयूसी केंद्रात असते.

तपासणीतील फट

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार होणाऱ्या या तपासणीची मानके १ ऑक्टोबर २००४ पासून बदलली. बीएस-२ पूर्वीच्या चारचाकी पेट्रोल गाडीसाठी इंजिन मोकळे फिरत असताना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के ठेवण्यात आली. बीएस-२ व नंतरच्या गाडीसाठी ०.५ टक्के आणि पुढे बीएस-४ साठी ०.३ टक्के. आकडे पाहताना एक गोष्ट निसटते. १९९५ ते २००० या काळातील मुंबईच्या गाड्यांना परिवर्तक होता, तरी त्या पहिल्या गटातच राहिल्या. तीन टक्क्यांची मर्यादा परिवर्तक नसलेले, पण नीट जुळवलेले कार्ब्युरेटरचे इंजिनही पाळू शकते. तात्पर्य, ज्या उपकरणासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, ते जिवंत आहे की नाही हे नंतरच्या काळात कोणत्याही तपासणीने विचारले नाही. परिवर्तक बसविण्याचा नियम होता. तो टिकविण्याचा नव्हता.

नव्या गाडीला मान्यता देताना पुण्याच्या एआरएआय सारख्या संस्था टिकाऊपणाची कसोटी घेतात. बीएस-३ व बीएस-४ काळात ती ८०,००० किलोमीटरांची होती आणि बीएस-६ मध्ये ती १,६०,००० वर गेली. मुंबईत पहिली दहा वर्षे चालून नाटे येथे आलेली गाडी ही मर्यादा बहुधा ओलांडूनच आलेली असते. म्हणजे उत्पादकाची जबाबदारी जेथे संपते, साधारण तेथेच गावातील मालकाची सुरू होते.

मुंबईत हा प्रश्न वेगळ्या मार्गाने हाताळला गेला. ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ची १९९९ मधील उच्च न्यायालयातील याचिका, व्ही. एम. लाल समिती आणि त्यानंतरचे आदेश यांमुळे जुन्या टॅक्सी सीएनजीकडे वळल्या. २००३ मध्ये नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. खाजगी गाडीला अशी सरसकट मुदत महाराष्ट्रात नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण होते. त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी १०,००० रुपयांवर नेण्यात आले. मुंबईच्या क्रमांकाची गाडी एमएच-०८ मध्ये आणताना ना-हरकत प्रमाणपत्र तपासले जाते, चासीचा क्रमांक तपासला जातो. गाडीखाली वाकून डबा भरलेला आहे की पोकळ, हे पाहण्याची तरतूद व्यवहारात नाही.

उपायांचे तारतम्य

तुंबलेला परिवर्तक घेऊन गॅरेजमध्ये गेलेल्या मालकासमोर सर्वांत स्वस्त उपाय ठेवला जातो तो असा : डबा कापून आतली जाळी फोडून काढावी आणि डबा पुन्हा जोडावा. बाहेरून काहीच दिसत नाही, गाडी हलकी पळते, खर्च वेल्डिंगपुरता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनात असा फेरबदल करता येत नाही आणि प्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास कलम १९०(२) खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही या उपायाचा मोह का होतो, हे समजून घेतले पाहिजे. वीस वर्षांच्या छोट्या गाडीची बाजारातील किंमत आणि मूळ कंपनीच्या नव्या परिवर्तकाची किंमत यांची तुलना मालक मनातल्या मनात करतो आणि त्याला ती परवडत नाही. दोष केवळ त्याच्या नीतीचा मानणे हा शहरी दृष्टिकोन होय.

योग्य मार्ग कारणापासून सुरू होतो. परिवर्तक स्वतःहून क्वचितच मरतो. त्याला कोणीतरी मारते. ठिणगी चुकवणारा प्लग, कमकुवत इग्निशन कॉइल, गळका इंजेक्टर, म्हातारा ऑक्सिजन सेन्सर, पिस्टनच्या रिंगा झिजल्यामुळे जळणारे तेल व त्यातील फॉस्फरस यांपैकी काय बिघडले आहे ते आधी दुरुस्त केले नाही, तर नवा परिवर्तकही थोड्याच काळात जुन्याच्या वाटेने जातो. हे भाग तुलनेने स्वस्त आहेत आणि अर्धमेला परिवर्तक कित्येकदा त्यांच्या दुरुस्तीनंतर पुन्हा काम देऊ लागतो. गंधकाने मंदावलेल्या परिवर्तकासाठी रत्नागिरीपर्यंतची एक सलग फेरी हा खर्चाविना होणारा उपाय आहे. पेट्रोलमध्ये टाकावयाच्या द्रवांच्या बाटल्या वितळलेला ठोकळा सुधारू शकत नाहीत. बदलणेच भाग असेल तर सुट्या भागांच्या बाजारातील स्वस्त परिवर्तकांत मौल्यवान धातूंचे प्रमाण पुष्कळदा कमी असते, हे ध्यानात घेऊन धुराची मोजणी बसवण्यापूर्वी व नंतर अशी दोन्ही वेळा करून घेणे इष्ट.

जुन्या गाडीपुढे आता इंधनाचाही नवा प्रश्न आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने मिश्रण विरळ होते. ऑक्सिजन सेन्सर असलेले इंजिन ते सावरून घेते, कार्ब्युरेटरवरील इंजिन घेत नाही. त्यात ठिणगी चुकण्याचे प्रमाण वाढले तर न जळलेले पेट्रोल परिवर्तकातच जाऊन जळते. १९९५ मध्ये नवे पेट्रोल नाटे येथे पोहोचण्यास पाच वर्षे लागली होती. या वेळी ते मुंबईबरोबरच पोहोचले आणि गाडी मात्र तीच जुनी राहिली.

नाटे येथील हवेवर याचा परिणाम किती, असा प्रश्न उचित आहे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात पाच-पंचवीस निर्जीव परिवर्तकांनी धुरके जमणार नाही, हे मान्य करावे लागेल. धोका आहे तो बंदिस्त पडवीत गाडी चालू ठेवणाऱ्याला, फुटक्या सांध्यातून गाडीत कार्बन मोनॉक्साइड ओढून घेणाऱ्या प्रवाशाला आणि वर्षातून दोनदा हीच गाडी परत जाते त्या मुंबईला.

काढून टाकलेल्या परिवर्तकाचा प्रवास मात्र इथे थांबत नाही. ऱ्होडियमचा भाव २०२१ मध्ये विक्रमी पातळीवर गेला, तेव्हा गुजरातेत उभ्या मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर परिवर्तकासाठी चोरीस जाऊ लागले. सप्टेंबर २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत भंगार केंद्रांची व्यवस्था उभी राहू लागली आणि अशा केंद्रात परिवर्तक वेगळा काढून धातू परत मिळविता येतात. गावात फिरणारा भंगारवाला तोच डबा लोखंडाच्या वजनाने घेतो. जाळी आधीच फोडून गॅरेजच्या मागे जांभ्यावर ओतलेली असेल, तर त्याच्या हाती लोखंडच येते.